एका सिलिंडरची मोटरसायकल : रचना आणि अभियांत्रिकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य मोटरसायकलींना एकच सिलिंडर असतो. तरीही त्या एका सिलिंडरमधून स्प्लेंडरसारखी काटकसरी, बुलेटसारखी संथ आणि ड्यूकसारखी तापट गाडी घडवता येते. हे कसे साधते, याविषयी वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. माहितीपत्रकातील कोणताही आकडा एकटा वाचू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीसीचा आकडा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनचे वर-खाली जाण्याचे अंतर) यांबरोबर, अश्वशक्तीचा आरपीएमबरोबर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आणि वजनाचा व्हीलबेसबरोबर (दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर) वाचला, तरच गाडीचा स्वभाव कळतो.

बुलेट आणि ड्यूक ३९० यांच्या सीसीमध्ये फारसा फरक नाही, मग ताकदीत दुपटीहून अधिक फरक का?

सीसी म्हणजे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो तेवढे आकारमान. ती जागा मिनिटाला किती वेळा भरली आणि रिकामी झाली, हे सीसीवरून कळत नाही आणि ताकदीचा खरा हिशेब तर तेथेच असतो.

बुलेटचेच यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेले) इंजिन रॉयल एनफिल्डच्या त्या पिढीतील क्लासिक ३५०लाही होते आणि ते ३४६ सीसीचे होते. त्याचा बोअर ७० मि.मी. आणि स्ट्रोक ९० मि.मी. होता. ते ४,००० आरपीएमला २८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि ५,२५० आरपीएमला १९.८ अश्वशक्ती देत असे. २०१७च्या ड्यूक ३९०चे इंजिन ३७३ सीसीचे असून त्याचा बोअर ८९ मि.मी. आणि स्ट्रोक ६० मि.मी. आहे. त्याचा सर्वाधिक टॉर्क ३७ न्यूटन-मीटर आहे आणि ९,००० आरपीएमला ते सुमारे ४३ अश्वशक्ती देते. म्हणजे टॉर्कमध्ये साधारण एक तृतीयांशाची वाढ आहे, पण अश्वशक्ती दुपटीच्याही वर गेली आहे. पॉवर हा टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार असतो. ड्यूकने टॉर्क थोडासा वाढवला आणि तो खूप वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून धरला, एवढेच या तफावतीचे उत्तर आहे.

मात्र तो टिकवून धरणे हे अवघड काम आहे. नऊ हजार आरपीएमला सिलिंडर भरायला हवेला सेकंदाचा अगदी अल्प अंश मिळतो. म्हणून व्हॉल्व्हचे (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) तोंड मोठे हवे, आणि मोठ्या तोंडासाठी सिलिंडर रुंद हवा. ८९ मि.मी. बोअरच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ६२ चौरस सें.मी. भरते, तर ७० मि.मी.चे जेमतेम साडेअडतीस. ड्यूकच्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) चार व्हॉल्व्ह बसतात, बुलेटच्या हेडमध्ये दोन. शिवाय बुलेटच्या या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) खाली क्रँकजवळ (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याजवळ) असतो आणि लांब पुशरॉड (सळ्या) त्याची हालचाल वर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेपर्यंत) पोचवतात. या लांबलचक साखळीचे वजन व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला पेलावे लागते आणि आरपीएम फार वाढले, तर व्हॉल्व्ह वेळेवर बंद होईनासा होतो. ड्यूकमध्ये दोन्ही कॅम थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर असल्यामुळे हे ओझे बरेच कमी होते.

यावरून बुलेटचे इंजिन मागासलेले ठरवणे आम्हाला मान्य नाही. ते अडीच-तीन हजार आरपीएमवर टॉप गिअरमध्ये निवांत ओढत राहण्यासाठी बनवलेले आहे आणि ते काम चोख करते.

मग लाँग-स्ट्रोक इंजिन चांगले की शॉर्ट-स्ट्रोक?

काम कोणते हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. तुलना करायची असेल तर पिस्टनचा सरासरी वेग काढून पाहावा. स्ट्रोक मीटरमध्ये घ्यावा, दोनाने गुणावा, आरपीएमने गुणावा आणि साठने भागावे. यूसीई बुलेटचा पिस्टन ५,२५० आरपीएमला सेकंदाला सुमारे १५.७५ मीटर वेगाने धावतो, तर ड्यूक ३९०चा ९,००० आरपीएमला १८ मीटर वेगाने. आरपीएममधील तफावत प्रचंड दिसते, पण पिस्टनच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही इंजिने जवळपास सारखीच दमतात. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसीच्या इंजिनाचा बोअर ५० मि.मी. आणि स्ट्रोक ४९.५ मि.मी. आहे. ८,००० आरपीएमलाही तिच्या पिस्टनचा वेग १३.२ मीटरच भरतो. या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण हा आकडा आहे, असे आम्हाला वाटते.

रुंद सिलिंडरचे तोटेही ध्यानात घ्यावेत. ज्वालेला कडेपर्यंत पोचायला जास्त अंतर कापावे लागते, ज्वलनकक्ष पसरट होतो आणि उष्णता भिंतींमधून अधिक निसटते. म्हणून ॲव्हरेज हे पहिले उद्दिष्ट असलेल्या गाड्यांमध्ये बोअर आणि स्ट्रोक सहसा जवळजवळ सारखे किंवा स्ट्रोक किंचित जास्त ठेवला जातो.

पिकअपसाठी टॉर्क पाहावा की पॉवर?

चाकापर्यंत पोचणारा टॉर्क पाहावा. तो इंजिनाचा टॉर्क आणि गिअरचे गुणोत्तर या दोहोंवर ठरतो. जास्त आरपीएमला फिरणाऱ्या इंजिनाला आखूड गिअर (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या जास्त फेऱ्या घेणारे) देता येतात आणि आखूड गिअर टॉर्क वाढवून चाकाला देतात. म्हणून इंजिनाचा टॉर्क कमी असूनही एखादी गाडी पुढे निघून जाते. पण त्यासाठी चालकाने इंजिन वरच्या आरपीएममध्ये ठेवले पाहिजे. सिग्नलमागून सिग्नल लागणाऱ्या शहरी रस्त्यावर दोन हजार आरपीएमला उपलब्ध असलेला टॉर्क मनगटाला आणि डाव्या हाताच्या बोटांना जो आराम देतो, त्याची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

पल्सर २००एनएस आणि ड्यूक २०० यांचे बोअर-स्ट्रोक एकसारखे आहेत, तरी त्या वेगळ्या का वाटतात?

दोन्हींचे माप ७२ आणि ४९ मि.मी. असून दोन्ही गाड्या भारतात २०१२ मध्ये आल्या. ड्यूकला दोन कॅम आणि फ्युएल इंजेक्शन मिळाले आणि ती १०,००० आरपीएमला सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागली. पल्सरला एक कॅम, तीन स्पार्क प्लग आणि सुरुवातीला कार्बोरेटर होता आणि तिची ताकद ९,५०० आरपीएमला सुमारे २३ होती. आकड्यांतील फरक लहान आहे, पण ड्यूकची जाळीदार नळ्यांची चेसिस, पल्सरची परिमितीवरून जाणारी चेसिस, बसण्याची ढब आणि गिअरिंग यांमुळे चालवताना तो मोठा वाटतो. एकाच बीजापासून दोन स्वभाव कसे घडवावेत हे शिकायचे असेल, तर या दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहाव्यात.

एका सिलिंडरचे इंजिन का थरथरते, आणि ही थरथर पूर्ण घालवता येते का?

पिस्टन वर जाऊन थांबतो, उलट फिरतो, खाली जाऊन पुन्हा थांबतो. प्रत्येक फेरीत दोन वेळा त्याला अडवून परतवावे लागते आणि त्याची प्रतिक्रिया क्रँककेसवर, तेथून चेसिसवर आणि शेवटी हँडल व फूटरेस्टवर येते. शेजारी दुसरा पिस्टन विरुद्ध दिशेने चालत नसल्यामुळे हा धक्का परस्पर मिटत नाही. आरपीएम दुप्पट झाले की तो चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

क्रँकला प्रतिभार (पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन) लावणे हा पहिला उपाय आहे. परंतु प्रतिभार गोल फिरतो आणि पिस्टन सरळ रेषेत चालतो, त्यामुळे पिस्टनचा पूर्ण धक्का प्रतिभाराने मिटवला तर उभी थरथर जाते आणि तेवढीच आडवी थरथर सुरू होते. म्हणून साधारण निम्म्या वजनाचा प्रतिभार लावून दोन्हींत तडजोड केली जाते. हे प्रमाण नेमके किती ठेवावे, हे चेसिस कोणत्या दिशेने अधिक ताठ आहे यावर अवलंबून असते. तेच इंजिन दुसऱ्या चेसिसमध्ये बसवल्यावर वेगळे वाटण्याचे एक कारण हे आहे.

बॅलन्सर शाफ्ट हा दुसरा आणि अधिक परिणामकारक उपाय आहे. निम्म्या प्रतिभारानंतर उरणारा धक्का क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा असतो. त्याच वेगाने उलट फिरणारा आणि योग्य जागी वजन असलेला शाफ्ट बसवला, तर तो उरलेला धक्का जवळजवळ पूर्ण शमतो. २०२० मध्ये मीटिऑर ३५०बरोबर आलेल्या रॉयल एनफिल्डच्या जे-मालिकेच्या इंजिनात असा शाफ्ट आहे. ७२ मि.मी. बोअर, ८५.८ मि.मी. स्ट्रोक आणि डोक्यावर एक कॅम अशी त्याची रचना आहे. जुन्या बुलेटवर ताशी ऐंशीच्या पुढे आरशातली मागची गाडी ओळखू येत नसे. नव्या इंजिनावर ती स्वच्छ दिसते. तरीही क्रँकच्या दुप्पट वेगाने होणारी बारीक थरथर शिल्लक राहतेच आणि ती हँडलच्या टोकांवरची वजने व रबरी बुश यांनी कमी केली जाते.

एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनाच्या पातळ फिन्सही (बाहेरची धातूची पातीही) ठरावीक आरपीएमला गुंजू लागतात. अनेक इंजिनांवर फिन्सच्या मध्ये लहान रबरी तुकडे खोचलेले दिसतात. ते हा आवाज दाबण्यासाठी असतात. इंजिन धुताना किंवा रंगवताना ते हरवतात आणि मग ओळखू न येणारा धातूचा आवाज शोधत गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून ते जपून ठेवावेत.

दोन किंवा तीन स्पार्क प्लगांचा उपयोग काय?

ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून सिलिंडरभर पसरत जाते. एकच प्लग एका कडेला असेल, तर समोरच्या कडेपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. समोरासमोर दोन प्लग बसवले की हे अंतर साधारण निम्मे होते, ज्वलन लवकर आटोपते आणि कमी पेट्रोलाचे विरळ मिश्रणही भरवशाने पेट घेते. २००३ मध्ये बजाजने पल्सरमध्ये डीटीएस-आय या नावाने ही रचना आणली. कमी खर्चाच्या, दोन व्हॉल्व्हच्या इंजिनातून ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही काढण्याचा हा नेटका मार्ग होता. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग मधोमध बसवता येत नाही. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये तो बसतो, त्यामुळे तेथे जादा प्लगचा फायदा कमी होतो.

आरएक्स १०० एवढी चपळ का होती, आणि टू-स्ट्रोक गाड्या बंद का झाल्या?

यामाहा आरएक्स १००चा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५० मि.मी. होता. म्हणजे तिचा सिलिंडर स्प्लेंडरच्या सिलिंडरएवढाच होता. पण स्प्लेंडर सुमारे ८ अश्वशक्ती देते, तर आरएक्स ७,५०० आरपीएमला ११ देत असे. गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास असल्यामुळे ही ताकद मनगटाला लगेच जाणवे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. हिशेबाने ताकद दुप्पट व्हायला हवी, पण ती होत नाही, कारण पिस्टनच्या वाटचालीचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट (छिद्रे) उघडण्यात खर्च होतो आणि ताजे मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर जात असतो.

नेमका हाच दोष या इंजिनाच्या मुळावर आला. ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडतो आणि पेट्रोलाबरोबर ऑइलही जळते. सायलेन्सरचा फुगीर भागापुढचा निमुळता होत जाणारा भाग दाबाची लाट परत पाठवून निसटणारे मिश्रण पुन्हा आत ढकलतो, पण हे ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच साधते. आरएक्सचे उत्पादन १९८५ ते १९९६ या काळात झाले. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलीला त्यांत बसवणे व्यवहार्य उरले नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी अजून आहे त्यांनी आंबोली किंवा वरंध घाट उतरताना एक गोष्ट पाळावी. या इंजिनाचे ब्रेकिंग दुबळे असते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरला तर ऑइलचा पुरवठाही घटतो. म्हणून अधूनमधून क्लच दाबून किंचित ॲक्सिलरेटर द्यावा आणि दोन्ही ब्रेकांवर भिस्त ठेवावी.

याच घराण्यातील येझदीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने बनवलेल्या या २५० सीसीच्या गाडीत एकाच सिलिंडरमधून दोन सायलेन्सर निघत आणि किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होई. दोन कामे एका दांड्यावर आणण्याचे एवढे सुबक उदाहरण मोटरसायकलींमध्ये क्वचितच सापडेल.

चेतक स्कूटरचे इंजिन एका बाजूला का होते?

व्हेस्पाच्या मूळ रचनेत इंजिन, गिअर आणि मागचे चाक हा एकच जोड असतो. बजाजने १९७२ पासून आकुर्डीत बनवलेल्या चेतकमध्ये तीच रचना होती. चेन नसल्यामुळे ग्रीस, धूळ आणि चेन ताणण्याची कटकट वाचते. चाक एकाच बाजूने धरलेले असल्यामुळे पंक्चर झाल्यावर काही नट सोडवून स्टेपनी बसवता येते. याची किंमत म्हणजे वजन उजवीकडे झुकणे. चेतक चालवलेल्या हाताला ते आजही आठवेल.

गाडी सरळ रेषेत स्थिर का राहते? ट्रेल म्हणजे काय?

हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर जमिनीला जेथे टेकतो त्याच्या पुढे पडतो. या दोन बिंदूंमधील अंतराला ट्रेल म्हणतात. सामानाच्या ट्रॉलीचे चाक ढकलल्यावर आपोआप मागे वळून सरळ होते, तसेच येथेही पुढचे चाक सरळ होऊ पाहते. ट्रेल जास्त असेल तर हायवेवर गाडी शांत असते, पण वळवायला जड जाते. तो कमी असेल तर गाडी गर्दीतून चटकन वाट काढते, पण वेगात चंचल होते. व्हीलबेसचा परिणामही याच दिशेने होतो. स्प्लेंडरचा व्हीलबेस १,२३६ मि.मी. आहे आणि जे-मालिकेतील क्लासिक ३५०चा १,३९०. एकीला गल्लीत वळायचे असते, दुसरीला दूरवर जायचे असते.

सगळी स्थिरता फिरत्या चाकांच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे (फिरते चाक आपल्या अक्षाची दिशा टिकवू पाहते त्यामुळे) येते, हा समज मात्र सोडून द्यावा. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी जायरोस्कोपिक परिणाम आणि ट्रेल या दोन्हींचा प्रभाव काढून टाकलेली एक सायकल बनवली आणि तीही चालकाविना तोल सावरत धावली. वजन कोठे आहे आणि हँडलचा भाग स्वतः कसा झुकतो, यांचाही स्थिरतेत वाटा असतो.

वेगात वळताना डावीकडे जायचे असेल तर हँडलची डावी बाजू किंचित पुढे ढकलावी लागते. त्याने टायर क्षणभर उजवीकडे सरकतो आणि गाडी डावीकडे कलते. प्रत्येक चालक नकळत हेच करतो. जाणीवपूर्वक केले तर घाटातील वळणे अधिक सुरक्षित होतात.

पुढचा ब्रेक धोकादायक असतो, हे खरे आहे का?

नाही, आणि या समजाने बरेच नुकसान केले आहे. चालकासह २२० किलोची गाडी घ्या. समजा, निम्मे वजन पुढच्या आणि निम्मे मागच्या चाकावर आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सें.मी. वर आहे आणि व्हीलबेस १३५ सें.मी. आहे. गुरुत्वाकर्षणाच्या ७० टक्के मंदनाने जोरात ब्रेक लावला, तर सुमारे ७४ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर १८४ किलो आणि मागच्यावर केवळ ३६ किलो उरतात. एवढ्या हलक्या मागच्या चाकाला थोडा ब्रेकही घसरवतो आणि गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकालाच करता येते. पुढचा ब्रेक आवळताना पहिल्या क्षणी हळू आणि भार पुढे आल्यावर अधिक दाबावा. वाळू, शेण किंवा पहिल्या पावसाचा चिकट थर असेल तेथे दाब कमी ठेवावा. १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या मोटरसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे आणि हा निर्णय आम्ही अत्यंत मोलाचा मानतो.

कंपनी सांगते तेवढे ॲव्हरेज का मिळत नाही?

ते मोजमाप प्रयोगशाळेत रोलरवर, आधी ठरवलेल्या वेगाच्या वेळापत्रकाप्रमाणे होते. पुण्यातील एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या करते. या पद्धतीने दोन गाड्यांची रास्त तुलना होते, पण समोरचा वारा, डबलसीट, खड्डे आणि चढ त्यात नसतात. हवेचा रोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ६० ऐवजी ८० कि.मी. वेगाने गेल्यास ती सुमारे २.४ पट होते. पन्नास-पंचावन्नच्या वेगाने चालवून पाहावे. फरक एका टाकीतच दिसेल.

सायलेन्सर बदलला की ताकद वाढते का?

आवाज निश्चित वाढतो. ताकद वाढलीच तर वरच्या आरपीएमला थोडी वाढते आणि खालचा टॉर्क बहुधा घटतो, कारण मूळ पाइपाची लांबी दाबाच्या लाटांचा हिशेब करून ठेवलेली असते. रुग्णालये आणि शाळा यांवरून जाणाऱ्या रस्त्यावर फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचे समर्थन अभियांत्रिकीच्या कोणत्याही युक्तिवादाने होत नाही.

मागे रुंद टायर बसवावा का?

मूळ रिमवर बसवू नये. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ चालताना जमिनीला टेकणारा भाग वाढण्याऐवजी कधीकधी घटतो आणि गाडी वळणात अडखळत कलते. टायरचे वजनही वाढते. ते चाकाच्या परिघावर असल्यामुळे पिकअप मंदावतो आणि शॉकअपला खड्ड्यांवर चाक आवरणे जड जाते. काही गाड्यांत रुंद टायर स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांना) किंवा चेनला घासू लागतो. ही खूण पाहायची असेल तर गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे आणि चेनकव्हरच्या आतील बाजूला रबराचा काळा पट्टा उमटला आहे का ते टॉर्चने पाहावे. टायर बदलायचाच असेल तर आधी रिमवर कोरलेली रुंदी वाचावी आणि टायर बनवणाऱ्या कंपनीने त्या रुंदीसाठी दिलेल्या मर्यादेतलाच आकार निवडावा.